औषधाची गेलेली पत



गेल्या अंकात मधुमेहींनी पायांची निगा कशी राखावी, याविषयी लिहिले होते. तो लेख वाचून आमच्या गावच्या भुसार बाजारातील एका जुन्या पेढीच्या काकींनी निरोप धाडला, "पायाचं लिहिलंत ते बरं झालं. पण माझा पाय इतका का बिघडला, ते कुठे लिहिलंत? तेही लिहा. नाव तेवढं घालू नका." काकींची आज्ञा शिरोधार्य मानून आजचा विषय घेतला आहे. त्यात माझ्याही एका चुकीची कबुली आहे, हे आरंभीच सांगतो.

काकींचे वय आज सहासष्ट आहे. सात-आठ वर्षांच्या असताना घसा सुजून त्यांना ताप आला. गावातील डॉक्टरांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले. तिसऱ्या दिवशी अंगभर लाल पुरळ उठले. घाबरलेल्या आईला डॉक्टर म्हणाले, "या मुलीला पुन्हा पेनिसिलिन देऊ नका." ते वाक्य आईने जन्मभर जपले आणि लेक सासरी निघाली तेव्हा दागिन्यांच्या यादीइतक्याच काळजीने सासूबाईंच्या स्वाधीन केले. पुढे तीन बाळंतपणे झाली, पोटाची एक शस्त्रक्रिया झाली, अनेकदा दात काढले. प्रत्येक वेळी डॉक्टरांनी नाडी पाहण्याआधी काकींनी ते वाक्य उच्चारले. सासूबाईंनी ते सांगितले, यजमानांनी सांगितले, पुढे मुलांनी सांगितले. घरातील सर्वांना ते तोंडपाठ झाले.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा विचार चालला असताना तेथील तज्ज्ञांनी सुचवले की इतक्या जुन्या नोंदीची एकदा तपासणी करून घ्यावी. पुण्यात रीतसर त्वचेवरील चाचण्या झाल्या. त्या निर्दोष आल्यावर देखरेखीखाली अ‍ॅमॉक्सिसिलिन, म्हणजे पेनिसिलिनच्याच कुळातील औषध, आधी अल्प आणि मग पूर्ण मात्रेत दिले गेले. काही तास बसवून ठेवले. काहीही झाले नाही. 'पेनिसिलिनचे वावडे नाही' असा अहवाल मिळाला. रक्तातील साखर आटोक्यात नसल्याने शस्त्रक्रिया लांबली. अहवाल मात्र माझ्याकडे आला. मी तो वाचला, "काकी, आनंदाची गोष्ट आहे, आता चिंता नको," असे म्हणालो आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. सारे मिळून दोन मिनिटे लागली असतील.

गेल्या पावसाळ्यात काकींच्या टाचेला भेग पडली आणि तिच्यातून जंतू शिरून पाय लालबुंद होऊन सुजला. मी अ‍ॅमॉक्सिसिलिन असलेल्या गोळ्या लिहून दिल्या. काकींनी त्या दुकानातून आणल्या, नाव वाचले आणि कपाटाच्या खणात ठेवून दिल्या. त्याच खणात थोरल्या मुलाच्या खोकल्यासाठी आणलेल्या दुसऱ्या प्रतिजैविकाच्या तीन गोळ्या उरल्या होत्या. त्या घेतल्या आणि कोणाला काही सांगितले नाही. चौथ्या दिवशी रात्री थंडी वाजून ताप भरला, लाली गुडघ्यापर्यंत चढली. शहरातील रुग्णालयात दाखल करावे लागले. तेथे परिचारिकेने विचारले, "कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी?" मुलाच्या तोंडून सवयीने निघून गेले, "पेनिसिलिन." मनगटावर लाल पट्टी चढली, पेनिसिलिनचे सारे कूळ बाजूला ठेवले गेले आणि अधिक व्यापक, अधिक महाग औषधे सुरू झाली. त्यांनी पाय वाचला. पण जुलाबांनी काकी अर्ध्या झाल्या. नऊ दिवसांनी घरी आल्या.

मी भेटायला गेलो आणि जरा रागानेच विचारले, "काकी, तपासणी झाली होती ना? अहवाल आपल्याच हाती होता." त्या शांतपणे म्हणाल्या, "कागद खरा असेल, डॉक्टरसाहेब. पण अठ्ठावन्न वर्षं मी त्या औषधाला भिऊन राहिले, आणि तुम्ही दोन मिनिटांत म्हणालात भिऊ नका. अंग माझं आहे ना?"

या प्रश्नाला माझ्याजवळ त्या दिवशी उत्तर नव्हते.

बाजारपेठेत वाढलेल्या आपल्या वाचकांना 'पत' या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. एखाद्या पेढीची हुंडी एकदा न वटता परत आली, तर पुढे ती टपालाच्या घोटाळ्यामुळे परत आली होती असे सिद्ध झाले, तरी त्या पेढीशी व्यवहार करताना काही काळ हात आखडताच राहतो. औषधाचेही तसेच आहे. निर्दोषत्वाचा दाखला एका दिवसात मिळतो, पत मात्र तितक्या लवकर परत येत नाही. डॉक्टरांचे काम दाखल्यापाशी संपत नाही, हे मला काकींनी शिकवले.

मुळात काय घडले होते?

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध १९२८ साली लंडनमध्ये लागला. आपल्या देशात ते स्वस्तात बनावे म्हणून १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पुढच्या दशकांत गावोगावच्या दवाखान्यांत पेनिसिलिन पोहोचले आणि त्याच्यासोबत 'रिअ‍ॅक्शन' हा शब्दही पोहोचला.

खरे वावडे भयंकर असू शकते, यात शंका नाही. औषध पोटात वा रक्तात गेल्यावर बहुधा तासाभरातच अंगावर गांधी उठतात, ओठ व डोळे सुजतात, श्वास अडकतो, रक्तदाब कोसळतो. अशा वेळी अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन तत्काळ न मिळाल्यास प्राण जाऊ शकतो. परंतु 'रिअ‍ॅक्शन' या एकाच शब्दाखाली लोक कितीतरी निराळ्या गोष्टी घालतात. गोळीने मळमळले, जुलाब झाले, डोके दुखले, तर तो औषधाचा दुष्परिणाम होय. त्याला वावडे म्हणत नाहीत. लहान मुलांना विषाणूंमुळे ताप आला की त्या विषाणूंमुळेच अंगावर पुरळ उठते. त्याच वेळी औषध चालू असल्यास दोष औषधाच्या माथी बसतो. घसा सुजवणाऱ्या काही जिवाणूंमुळेही अंगभर लाल पुरळ येते. ग्रंथी सुजवणारा एक विषाणुज्वर असा आहे की त्यात अ‍ॅम्पिसिलिन वा अ‍ॅमॉक्सिसिलिन दिल्यास पुष्कळांना पुरळ येते, पण बरे झाल्यावर तेच औषध निर्धोक चालते. काकींच्या घशाचा ताप आणि तिसऱ्या दिवशीचे पुरळ यांचा उलगडा अशाच एखाद्या कारणाने होण्याजोगा आहे. त्या वेळच्या डॉक्टरांनी सावधगिरी बाळगली, त्यात त्यांचा दोष नाही. त्या सावधगिरीचा पुढे कोणी फेरविचार केला नाही, एवढेच.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. खरे वावडेही बहुधा जन्मभर टिकत नाही. औषधाशी संबंध आला नाही, तर शरीरातील त्याविरुद्धची प्रतिपिंडे हळूहळू ओसरतात. ज्यांना पेनिसिलिनचे तत्काळ उठणारे खरे वावडे होते, अशांपैकी सुमारे ८० टक्के लोकांचे ते दहा वर्षांत नाहीसे झालेले असते. अमेरिकेत दर दहा माणसांमागे एकाच्या कागदावर पेनिसिलिनच्या वावड्याची नोंद असते. रीतसर तपासल्यावर त्यांतील दहापैकी नऊंहून अधिक लोकांना ते औषध निर्धोक चालते.

चुकीच्या नोंदीची किंमत

कोणी म्हणेल, 'एवढी औषधे असताना एक टाळले तर बिघडले काय?' पुष्कळ बिघडते. नेमक्या जंतूवर चालणारे, जुने, स्वस्त आणि पारखलेले औषध हाती असताना डॉक्टरांना दुसरे वापरावे लागते. ते बहुधा अधिक व्यापक असते, म्हणून पोटातील उपकारक जंतूही मारते आणि औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंना वाव देते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासात, पेनिसिलिनच्या वावड्याची नोंद असलेल्या चौसष्ट हजारांहून अधिक प्रौढांची तुलना तशी नोंद नसलेल्यांशी केली होती. नोंद असलेल्यांत, अनेक औषधांना न जुमानणाऱ्या 'एमआरएसए' या जंतूचा प्रादुर्भाव होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी, आणि प्रतिजैविकांनंतर होणाऱ्या एका गंभीर अतिसाराचा धोका २६ टक्क्यांनी अधिक आढळला. काकींचे जुलाब त्याच जातीचे होते की नाही, ते तपासले गेले नाही. पण नोंदीची किंमत त्यांनी भोगली, एवढे खरे.

चाचणी कशी होते?

तज्ज्ञ प्रथम बारकाईने विचारपूस करतात. ऑस्ट्रेलियातील वैद्यांनी २०२० साली यासाठी तीन सोप्या प्रश्नांची पद्धत मांडली. ती घटना गेल्या पाच वर्षांतील आहे काय? त्या वेळी श्वास अडकणे, चेहरा सुजणे किंवा त्वचेची गंभीर हानी असे काही झाले होते काय? त्या घटनेवर उपचार करावे लागले होते काय? या उत्तरांवरून धोका कमी की अधिक, हे ठरवण्यास मदत होते. धोका अधिक वाटल्यास आधी त्वचेवर चाचणी करतात. कमी असल्यास देखरेखीखाली थेट तोंडावाटे औषध देऊन पाहता येते. २०२३ साली उत्तर अमेरिका व ऑस्ट्रेलियातील रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात कमी धोक्याच्या पावणेचारशेहून अधिक प्रौढांचे दोन गट केले होते. एका गटाला थेट औषध दिले, दुसऱ्याची आधी त्वचा-चाचणी केली. दोन्ही गटांत वावडे निघाले ते केवळ एकेका व्यक्तीला.

येथे तीन इशारे देणे माझे कर्तव्य आहे. पहिला असा की हा प्रयोग घरी कदापि करू नये. वरील प्रश्न डॉक्टरांच्या हातातील साधन आहे. ते वाचून स्वतःच गोळी घेऊन पाहणे हा अविचार ठरेल. दुसरा असा की ज्यांच्या त्वचेवर फोड येऊन ती सोलवटली होती, तोंडात वा डोळ्यांत जखमा झाल्या होत्या, किंवा औषधामुळे यकृत, मूत्रपिंड अथवा रक्तपेशींना इजा झाली होती, त्यांनी ते औषध पुन्हा घेऊन पाहण्याचा विचारही करू नये. तिसरा इशारा आपल्याकडे रूढ असलेल्या 'टेस्ट डोस'विषयी आहे. इंजेक्शन देण्यापूर्वी हातावर थोडे औषध टोचून फुगवटा पाहण्याची ही पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. पण प्रमाणित द्रावणे आणि तुलनेचे टोचे यांवाचून केलेल्या चाचणीवरून काढलेला निष्कर्ष भरवशाचा नसतो. केवळ टोचण्याच्या दाहाने आलेल्या लालीवरून कित्येकांच्या माथी आयुष्यभराचे वावडे लागते. उलट फुगवटा आला नाही म्हणून निर्धास्त होणेही बरोबर नाही.

अहवाल खरा, तरी भीती का?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. काकी हट्टी नाहीत, अडाणी तर मुळीच नाहीत. पेढीचा हिशेब त्यांनी वीस वर्षे सांभाळला आहे. मग असे का व्हावे? आजारातून उठल्यावर त्यांनीच मला एकेक कारण सांगितले.

त्या म्हणाल्या, "तिथे दवाखान्यात चार माणसं भोवती होती. घरी रात्री काही झालं तर कोण?" चाचणीच्या वेळची सुरक्षितता त्यांना त्या खोलीची वाटली होती, औषधाचीही ती आहे, असे कोणी सांगितले नव्हते. दुसरे कारण असे, "तिथे एकाच दिवशी दिलं. इथे सात दिवस घ्यायचं. सातव्या दिवशी उठलं तर?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. चाचणी निर्दोष आल्यावर पूर्ण औषधक्रम घेताना थोड्या लोकांना उशिरा पुरळ येऊ शकते. ते बहुधा सौम्य असते आणि औषध थांबवल्यावर ओसरते. जीवघेणी प्रतिक्रिया उमटणे फार विरळ. कोणत्याही औषधाला शून्य धोका नसतो. चाचणीनंतर काकींचा धोका इतर चारचौघांइतका झाला, एवढेच आपण म्हणू शकतो, आणि ते पुरेसे आहे. मी मात्र 'चिंता नको' असे म्हणून त्यांचा प्रश्नच मिटवून टाकला होता.

तिसरे कारण मनाचे आहे, पण त्याला 'मनाचे खेळ' म्हणून हसू नये. ज्या औषधाची वर्षानुवर्षे धास्ती घेतली, ते गिळताच माणूस आपल्या शरीराकडे कान लावून बसतो. एरवी लक्षातही न येणारी खाज, घशातील कोरड, छातीतील धडधड मोठी वाटू लागते. इटलीतील एका अभ्यासात पूर्वी औषधांचा त्रास झालेल्या ६०० रुग्णांना, त्यांच्या नकळत, औषधी गुण नसलेला निरुपद्रवी पदार्थ देण्यात आला. त्यांतील सुमारे चौथ्या हिश्श्याला काही ना काही त्रास जाणवला. ते खोटे बोलत नव्हते. भीतीनेही शरीरात खरे बदल घडतात.

आणि भीती एका माणसापुरती राहत नाही. संधिवाती ज्वराने ज्या मुलांच्या हृदयाच्या झडपा बिघडतात, त्यांना पुढचे आघात टाळण्यासाठी दर तीन-चार आठवड्यांनी दीर्घकाळ टिकणारे पेनिसिलिन टोचावे लागते. आपल्या देशात हा रोग अजून सरलेला नाही. एखाद्या गावी इंजेक्शननंतर कोणी दगावले, की त्या पंचक्रोशीत डॉक्टर टोचायला धजत नाहीत आणि आईबाप मुलाला आणत नाहीत. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत, अशा १,७९० रुग्णांना दिलेल्या ३२,४३० इंजेक्शनांत तीव्र वावड्याच्या चार घटना घडल्या आणि एक मृत्यू झाला. अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने २०२२ साली असेही नमूद केले की ज्यांचे हृदय आधीच फार दुबळे झाले आहे, अशा रुग्णांत इंजेक्शननंतर होणारे मृत्यू वावड्यापेक्षा हृदयावर अकस्मात पडलेल्या ताणामुळे झाले असण्याची शक्यता अधिक आहे, आणि अशांना इंजेक्शनाऐवजी पोटात घेण्याचे पेनिसिलिन द्यावे. खरे कारण शोधले, तर औषधही वाचते आणि रुग्णही.

पत परत कशी यावी?

या वर्षी चैत्रात काकींची दाढ सुजली. दंतवैद्यांनी सूज उतरवण्यासाठी अ‍ॅमॉक्सिसिलिन लिहून दिले. काकी या वेळी गोळ्या खणात न ठेवता थेट माझ्याकडे घेऊन आल्या. मी म्हणालो, "उद्या सकाळी दहा वाजता सूनबाईंना घेऊन या. पहिली गोळी इथेच घ्या. मी कुठे जात नाही."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. गोळी घेण्यापूर्वी मी त्यांना त्यांच्या बालपणीच्या पुरळाचा अर्थ सांगितला, कोणते लक्षण धोक्याचे आणि कोणते साधे ते सांगितले, अ‍ॅड्रिनॅलिनची कुपी कोठे ठेवली आहे तेही दाखवले. त्यांनी गोळी घेतली. दहाव्या मिनिटाला त्या म्हणाल्या, "घसा खवखवतोय." मी उठून नाडी पाहिली, रक्तदाब मोजला, छाती तपासली, हातापायांची त्वचा पाहिली, आणि जे दिसले तेच सांगितले, "नाडी थोडी जलद आहे. दाब ठीक आहे. अंगावर एकही गांध नाही, श्वास मोकळा आहे. खवखव तुम्हाला जाणवते आहे, हे खरं. आपण बसू आणि पाहू." सूनबाईंनी नातवाच्या शाळेचा विषय काढला. अर्ध्या तासाने खवखव कधी गेली, ते काकींना आठवेना. तासाभराने त्या घरी गेल्या. संध्याकाळी मीच फोन केला, तिसऱ्या दिवशी पुन्हा केला. पाच दिवसांचा क्रम पूर्ण झाला.

यात मी विशेष काही केले नाही. दोन वर्षांपूर्वी जे करायला हवे होते, ते उशिरा केले. पुण्यातील चाचणीने वावडे नाही हे सिद्ध केले होते. औषधाची पत मात्र त्या पाच दिवसांत परत आली.

या अनुभवावरून वाचकांसाठी काही गोष्टी सुचवतो.

ज्यांच्या घरी कोणाच्या औषधाच्या वावड्याची जुनी नोंद आहे, त्यांनी ती कोणत्या वयात, कोणत्या औषधाने, किती वेळाने, काय लक्षणे दिसून झाली, हे घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवावे. ही आठवण ज्यांच्यापाशी आहे ती माणसे कायम आपल्यात असणार नाहीत. ते टिपण घेऊन डॉक्टरांना विचारावे की तपासणी करणे योग्य आहे काय. हे निरोगी असताना करावे. तापाने फणफणत असताना तो प्रश्न काढू नये.

तपासणी निर्दोष आली, तर 'आता काय बदलले?' हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. कोणती औषधे चालतील, प्रथम घेताना काय काळजी घ्यावी, काय झाले तर कोणाला कळवावे, हे समजेपर्यंत उठू नये. डॉक्टर घाईत असतील, तर पुन्हा वेळ मागावी. पहिली मात्रा शक्यतो सकाळी, दवाखाना उघडा असताना आणि सोबत कोणी असताना घ्यावी. ज्या घरांत सूर्यास्तानंतर मुखात काही घेत नाहीत, त्यांनी मात्रांच्या वेळा आधीच डॉक्टरांशी ठरवून घ्याव्यात. मनातल्या मनात मात्रा गाळू नये. आणि भीती वाटली, तर ती बोलून दाखवावी. औषध खणात ठेवून 'घेते आहे' असे सांगणे सर्वांत घातक, कारण डॉक्टर त्या समजुतीवरच पुढचा निर्णय घेतात.

शेवटची गोष्ट हिशेबाची. रोजकीर्दीत पडलेली चूक खतावणीत उतरते आणि खतावणीतून ताळेबंदात जाते. एका ठिकाणी दुरुस्त केल्याने भागत नाही. वावड्याची नोंदही कुटुंबाच्या डॉक्टरांकडे, दंतवैद्यांकडे, औषधाच्या दुकानात, रुग्णालयाच्या संगणकात आणि घरच्यांच्या तोंडी, अशी अनेक वह्यांत पसरलेली असते. ती सर्वत्र दुरुस्त करावी. आणि जाणता मुनीम जुनी रक्कम खोडून टाकत नाही, खाली तारीख घालून दुरुस्तीची नोंद करतो. तसेच येथेही करावे. नुसते 'पेनिसिलिन वर्ज्य' हे शब्द खोडले, तर पुढे कोणी जुना कागद पाहून ते पुन्हा लिहील. त्याऐवजी 'अमुक तारखेस तपासणी झाली, औषध देऊन पाहिले, सहन झाले, वावडे नाही' असे लिहून घ्यावे आणि त्या अहवालाची प्रत पाकिटात व मोबाइलमध्ये ठेवावी.

काकींनी ही दुरुस्ती स्वतःच्या हाताने केली. घरातील औषधांच्या फायलीत पहिल्याच पानावर थोरल्या मुलाने कधीकाळी मोठ्या अक्षरांत लिहिलेली सूचना तशीच आहे. तिच्याखाली काकींच्या वळणदार अक्षरात तारखेसह दुसरी ओळ आली आहे. मुलांना व सुनांना समोर बसवून त्यांनी ती मोठ्याने वाचूनही दाखवली. "पुन्हा कोणी विचारलं तर आता हे सांगायचं," त्या म्हणाल्या. थोरल्या मुलाला त्यांनी ती ओळ दोनदा म्हणायला लावली.

पुढील अंकात घरातील औषधांच्या खणाविषयी लिहीन. तोवर आपापला खण उघडून पाहावा, ही विनंती.